आशाबाईचा तुकडा

भिंतीवर गोधडी मांडायची कल्पना माझ्या सुनेची, ज्योत्स्नाची. तिनं मोबाइलवर कुठल्याशा बाईचं घर पाहिलं. त्या बाईनं भिंतीला पांढरं मऊ कापड लावलं होतं. त्यावर चिंध्या नुसत्या टेकवायच्या, दूर जाऊन पाहायचं आणि मग नक्षी ठरवायची.

"आई, तुमी जमिनीवर वाकू वाकू मांडता. कंबर जाते. तुमाले असी भिंत करून देऊ."

"गोधडी का माणूस हाये, उभी कराले?" मी म्हटलं.

पण माझा मुलगा धर्मपाल नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे. रविवारी तो उरलेलं फलालीन आणि थर्माकोलच्या दोन जाड शीट घेऊन आला. शीट जोडून त्यावर फलालीन ताणलं. सुरकुती राहू नये म्हणून त्या दोघांनी दोन बाजूंनी ओढलं, तिसऱ्या बाजूवर मी पाय देऊन उभी राहिले. मागून चिकटपट्टी लावली आणि बैठकीच्या भिंतीला ठोकून टाकलं. सुती तुकडा टेकवून पाहिला. फलालीनच्या लवेनं तो धरून ठेवला. टाचणी नाही, काही नाही. मला लहान पोरासारखं हसू आलं.

गोधडी माझ्या नातीच्या बाळासाठी होती. यशोधरा अकोल्याला सासरी, आठवा महिना. आधीची दोन राहिली नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायलाच मनाई केली होती.

आमच्याकडे बाळाच्या गोधडीला नऊ घरचं जुनं कापड लागतं. तेही अशा बायकांचं, ज्यांचं एकही लेकरू गेलेलं नाही. एरवी मी असल्या गोष्टींना हसते. पण दोनदा नातीचं रडणं फोनवर ऐकलं होतं, म्हणून पिशवी घेऊन निघाले. माझं स्वतःचं लुगडं मी कोणाच्याच गोधडीत कधी घातलं नाही. माझा पहिला मुलगा दोन महिन्यांचा होऊन गेला.

नऊ घरं झाली. साठी उलटल्यावर अक्षरं शिकले, तेव्हापासून नावं लिहायची हौस आहे. प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी लावली. भिंतीवर नऊ चौकोन मधोमध टेकवले, भोवती नवं मांजरपाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाईचा तुकडा खाली पडलेला होता. निळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. मी उचलून लावला. दुपारी पुन्हा पडला.

पंखा बंद केला. तुकडा धुऊन, इस्त्री करून लावला. बेबीताईचा तुकडा त्याच्या जागी आणि तो बेबीताईच्या जागी लावून पाहिला. बेबीताईचा बसला, हा पडला. पोत तोच, जाडी तीच.

तिसऱ्या दिवशी तो खाली सापडला तेव्हा त्याची मधोमध घडी होती.

चौथ्या दिवशी तो तिकोनी होता. लंगोटाची घडी.

"ज्योत्स्ना, मस्करी पुरे," मी म्हटलं.

"मले कुठं येते लंगोटाची घडी? आमच्या यशूले तुमीच बांधत होत्या."

पाचव्या दिवशी दोघंही कामावर गेल्यावर मी खुर्ची घेऊन भिंतीसमोर बसले. स्वच्छ ऊन आलं होतं. बाहेर भाजीवाला ओरडत होता. अकराच्या सुमाराला तुकड्याचे वरचे दोन कोपरे सुटले. हळूच, कोणी दोन बोटांनी सोडवावेत तसे.

तुकडा पडला. सपाट.

आत चहा उतू गेला. मी एकदाच मान वळवली.

पुन्हा पाहिलं तेव्हा तो तिकोनी होता.

तसाच ओच्यात घालून मी आशाबाईकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे घर. चार मुलं, चारही धडधाकट. ती ओसरीवर शेंगा सोलत होती.

"आशाबाई, तुमचं कापड भिंतीवर टिकत नाही."

"माह्या हातचं काहीच टिकत नाही, बाई. लोणच्यालेबी बुरशी आली." ती हसली.

मी तुकडा तिच्यासमोर ठेवला. तिचं हसू थांबलं.

"ही घडी कोनं घातली?"

"माहीत नाही."

"डावा कोन आत घातला हाये. तसं मीच घालत होती." तिनं कापडाला हात लावला नाही. "थोरल्या नितेशच्या आंधी एक पोरगी होती. अकरा दिवसांची. दर्यापूरले, माहेरी. इकडं कोनालेच सांगितलं नाही."

"मंग कापड काहून दिलं?"

"तुमी मागितलं तं. नाही म्हटलं असतं तं सांगा लागलं असतं."

मी खाली बसले. दोघींनी मिळून उरलेल्या शेंगा सोलल्या.

घरी आल्यावर बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. नववं घर दुसरं मिळालं असतं. तो तुकडा टाकून देणं सोपं होतं, आणि पणाला माझ्या नातीचं बाळ होतं. पण आम्हा दोघींना उंबऱ्याबाहेर ठेवलं म्हणून कोणाचं बाळ सुखरूप राहतं, हे मनाला पटेना. मी पेटी उघडली. माझ्या हिरव्या लुगड्याचा पदर कापला. आशाबाईचा चौकोन तिरपा कापून अर्धा ठेवला, त्याला माझा अर्धा जोडला आणि भिंतीवर टेकवला.

तो बसला. दुसऱ्या दिवशीही होता. तिसऱ्या दिवशीही.

आठ दिवसांत मी गोधडी पुरी केली. ज्योत्स्ना ती घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसली. पुढच्या महिन्यात मुलगी झाली, पावणेतीन किलोची. रडणं असं की फोन कानापासून दूर धरावा लागला. धर्मपालनं गल्लीभर पेढे वाटले. आशाबाईनं तीन खाल्ले आणि चौथा पदरात बांधला.

परवा यशोधराचा फोन आला. पोरगी बोट घट्ट धरते, नाक थेट बापाचं आहे, असं बरंच सांगून झालं. मग ती म्हणाली, "आजी, एक विचारू? पोरगी कोरडी राह्यते, डायपर घालतो आमी. गोधडीबी कोरडी. फक्त तो दोन कापडांचा चौकोन रोज सकाळी ओला राह्यते."

"पाणी सांडत असंन कोनाच्या हातून."

"नाही. दोन रोज झाले, घडी करून उंच फळीवर ठेवली, तरी. आन् आजी, हात लावला तं कोमट लागते."