डावी बाजू वस्तादांची

तीन बोल्टांच्या चाकांची गाडी सोलापुरात कुणाकडेच नव्हती. जी एक अधूनमधून दिसायची ती दुधनीच्या चनबसप्पांची. शेंगांच्या व्यापारात दोन पैसे मिळाले तेव्हा कुणा साहेबाकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. परदेशी, राखी रंगाची, वीस वर्षांची जुनी. जगातल्या गाड्यांच्या चाकांना चार नाहीतर पाच बोल्ट असतात. या गाडीच्या कर्त्याला तीनवरच का थांबावंसं वाटलं, देव जाणे.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, रेल्वेचा संप सुरू होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा ती गाडी खुरडत अक्कलकोट रस्त्यावरच्या रेवणसिद्धच्या वर्कशॉपसमोर येऊन थांबली. ड्रायव्हर बिरप्पा खाली उतरला आणि बोलण्याआधी रांजणातलं दोन तांबे पाणी प्यायला.

"रिम पुन्हा चिरली, मिस्त्री. तीनदा वेल्डिंग केलं. आता धरंना."

रेवणसिद्धनं चाकावरून हात फिरवला. "असलं चाक आता भंगारातबी मिळायचं न्हाय."

"मग कसं करायचं? मालकांची लेक, मल्लव्वा, बाळंतपणाला आलीया. पैली दोन लेकरं पोटातच गेली तिची. डाक्टर म्हणलाय, कळा लागल्या की सोलापूरला आणा, पोट फाडावं लागंल. आगगाड्या बंद. ट्रकात घालून आणू का तिला?"

रेवणसिद्धनं गाडी आत ढकलून घेतली.

रेवणसिद्ध भुताखेतांच्या गोष्टी ऐकून पोट धरून हसणारा माणूस. मापात बसतं ते खरं, बसत नाही ते कानशीनं घासून बसवायचं, एवढीच त्याची विद्या. भंगारबाजारातून त्यानं त्याच घेराची, पण पाच बोल्टांची चार चाकं आणली. प्रत्येक चाकामागं एक जाड लोखंडी चकती द्यायची. चकतीला आत तीन भोकं, म्हणजे ती गाडीवर बसेल. बाहेर पाच बोल्ट, म्हणजे नवं चाक तिच्यावर बसेल. काम किचकट, पण होण्यातलं होतं. चार चकत्या, वीस बोल्ट, आणि हाताशी दोन दिवस.

हे काम त्याचे वस्ताद असते तर त्यांनी गुणगुणत केलं असतं. तिप्पण्णा वस्ताद जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात वारले होते, रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. बावीस वर्षं दोघांनी एका लेथवर काम केलं. कामाची वाटणी ठरलेली होती. गाडीची उजवी बाजू रेवणसिद्धची, डावी वस्तादांची. त्यात बदल झाल्याचं कुणी पाहिलं नाही.

वस्तादांच्या दोन खोडी साऱ्या पेठेला ठाऊक होत्या. नट आवळून झाला की कमरेच्या डबीतला पानात खायचा चुना काढून ते नटावर टिपका देत, म्हणजे नट हलला तर लांबून कळावं. आणि कुणी काम चुकवलं तर बोलत नसत, हळूच मागून येऊन त्याच्या मानेवर तसाच टिपका लावत. तो बिचारा दिवसभर बाजारात हिंडायचा आणि लोक हसायचे. रेवणसिद्ध दोन लेकरांचा बाप झाल्यावरही एकदा असा हिंडला होता. वस्तादांची तर्जनी लेथनं कधीच अर्धी केली होती, म्हणून टिपका अंगठ्याचा पडे, चांगला रुपयाएवढा.

ती डबी अजून लेथवरच्या फळीवर होती. आतला चुना वाळून दगड झाला होता. वस्तादांच्या बायकोला, शिवबाईला, ती परत नेऊन द्यायचा धीर रेवणसिद्धला झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवून आला तेव्हा डबी फळीवर नव्हती. लेथच्या डाव्या अंगाला होती. मशीनच्या हादऱ्यानं घसरली असेल, असं म्हणून त्यानं ती उचलून ठेवली. लेथखाली लोखंडाचा कीसही जरा जास्तच पडल्यासारखा वाटला. त्यानं तो झाडून टाकला. बिरप्पा गाडीच्या सावलीत घोरत होता. वर्कशॉपात काताचा आणि तंबाखूचा ओला वास होता, आणि बिरप्पा तर सुपारीसुद्धा खात नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी चारही चाकं चढली. वीसच्या वीस नट रेवणसिद्धनं स्वतः आवळले, सगळे उजवीकडे फिरवून, पान्यावर सगळा भार टाकून. बिरप्पानं रस्त्यावर एक फेरी मारली. चाकं सरळ पळाली. साडेदहाच्या सुमाराला गाडी दुधनीला निघाली आणि रेवणसिद्धनं हात जोडून सिद्धेश्वराचं नाव घेतलं.

अकरा वाजता हत्यारं पुसून ठेवताना त्याच्या हाताला एक पत्र्याचा डबा लागला. नट-बोल्टांना उलटे आटे पाडायची वस्तादांची हत्यारं त्यात असत. त्यानं झाकण उघडलं. जानेवारीत लावलेलं ग्रीस तसंच होतं, त्यावर धूळ बसलेली.

म्हणजे या कामात ती हत्यारं बाहेर आलीच नव्हती.

डावं चाक ज्या दिशेनं फिरतं तिच्यामुळं सुलट्या आट्याचा नट हळूहळू सैल होत जातो. म्हणून या जुन्या गाडीच्या डाव्या बाजूला उलटे आटे लागत, डावीकडे फिरवून आवळायचे. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण डावी बाजू वस्तादांची. बावीस वर्षांत त्याच्या हातानं उलटा आटा कधी पाडलाच नव्हता, आणि दोन दिवस तो हात आपल्या सवयीनं चालत राहिला होता. वीसच्या वीस बोल्ट सुलटे.

दुधनीपर्यंत पस्तीस-चाळीस मैल. जाऊन यायचं म्हणजे दुप्पट. चाक निखळणार ते परतीच्या वाटेवर, मल्लव्वा आत असताना. ट्रंक कॉलची लाइन मिळेपर्यंत संध्याकाळ झाली असती. त्यानं पाना कमरेला खोचला आणि सायकल काढली.

कुंभारीपर्यंत त्याला ऊन जाणवलं नाही. प्रत्येक वळणावर तो चरात बघत होता. कुंभारीला हॉटेलवाल्यानं बळंच थांबवून डोक्यावर, मानेवर घागरीनं पाणी ओतलं. तो पुढे निघाला. वळसंगच्या अलीकडे सायकलची साखळी तुटली. मग तो रस्ता ओलांडून सोलापूरकडे येणाऱ्या बाजूला, एका बाभळीखाली उभा राहिला. दुपारचे अडीच झाले असतील.

लांबून राखी गाडी दिसली. भरधाव होती.

त्यानं दोन्ही हात वर केले, ओरडला. बिरप्पानं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. मागच्या सीटवर एक बाई आडवी होती, तिचा हात खिडकीची कड धरून होता.

गाडी त्याच्यापासून दोन हातांवरून गेली. डावी बाजू त्याच्याकडे होती.

डाव्या पुढच्या चाकावर एक पांढरं कडं फिरत होतं.

मागच्यावरही.

त्यानं एकाही नटाला चुना लावला नव्हता.

एका ट्रकात बसून तो सोलापूरच्या दवाखान्यात पोचला तेव्हा ऊन कललं होतं. व्हरांड्यातल्या नळावर त्यानं तोंड आणि मान धुतली. चनबसप्पा धोतराचा सोगा डोळ्यांना लावून बसले होते. त्याला पाहताच उठले आणि त्याच्या पायांशी वाकू लागले. त्यानं त्यांना वरच्यावर धरलं.

"नात झाली, मिस्त्री. दोघी सुखरूप हायेत. अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीबी गेल्या असत्या, असं डाक्टर म्हणलं. तुमच्या हातानं वाचल्या."

"माझ्या हातानं न्हाय, अप्पा," रेवणसिद्ध म्हणाला.

गाडी कडुनिंबाखाली होती. बिरप्पा बॉनेटला टेकून उभा होता.

"वाटंत कुटं थांबलावतास? नट कुणी आवळले?" रेवणसिद्धनं विचारलं.

"न्हाय की. घरी पोचलो तवाच कळा चालू झाल्या हुत्या. गाडीला हात लावाय वेळ कुणाला?"

रेवणसिद्ध डाव्या चाकापाशी बसला. पाच नट, पाच टिपके, रुपयाएवढे. नटांच्या कोपऱ्यांवर कानशीनं पाडलेल्या बारीक खाचा होत्या. उलट्या आट्याच्या नटावर वस्ताद तशा खाचा पाडत. हे नट त्यानं बाजारातून आणलेले नव्हते. त्यानं पाना लावून नट सोडायला डावीकडे जोर दिला. नट आणखी आवळला गेला.

त्यानं टायरवर कपाळ टेकलं. रबर अजून गरम होतं. हसणाऱ्या माणसाला रडू कसं येतं, हे बिरप्पानं त्या दिवशी पाहिलं. "लई उपकार झाले, वस्ताद," रेवणसिद्ध म्हणाला.

घरी न जाता तो वर्कशॉपात गेला, डबी घेतली आणि दिवेलागणीला शिवबाईच्या दारात उभा राहिला. ती भाकरी थापत होती. त्यानं उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. तिनं डबी उघडून नखानं खरवडली. चुना दगडासारखाच होता.

"अव्वा, तुमची वस्तू तुमच्यापाशी ठेवा," असं म्हणून तो जायला वळला.

"थांब. हितं उजेडात ये."

तो तसाच पाठमोरा उभा राहिला. शिवबाईनं चिमणी उंच धरली. तिनं टिपका पुसायला पदर उचलला आणि मधेच सोडून दिला. मग त्याच्या मानेला तिचं बोट लागलं, गार.

"ओला हाय अजून," ती म्हणाली.