तारा काढल्यावर

दुपारच्या पाळीत हृदयाच्या ऑपरेशनसाठी धाकटीचा नंबर लागला. ती टेबलावर निमूट आडवी झाली, पण आत नुसता जाळ पेटला होता. समोरचा डॉक्टर तोच होता. ताईची छाती धडधडायची, धाकटीचं डावं मनगट ती गच्च धरून ठेवायची, तेव्हा यानंच हसून सांगितलं होतं, "मनाचे खेळ आहेत, बाई. कामात गुंतवून घ्या." मग घरचेही तेच घोकू लागले. एक दिवस ताई भांडी घासता घासता मोरीतच कोसळली आणि गेली. आता तेच दुखणं धाकटीच्या वाट्याला आलं होतं, आणि ते बरं करणारा गावात दुसरा कुणी नव्हता.

खोली गारठलेली. स्पिरिटचा वास. जांघेतल्या नसेतून बारीक तारा हृदयापर्यंत सरकल्या. भूल तेवढ्या जागेपुरतीच होती, त्यामुळे शब्दन् शब्द तिला ऐकू येत होता.

"ठोके बिघडवणारा ठिपका तेवढा जाळायचा," डॉक्टर म्हणाला. "जरा गरम लागेल."

छातीत चटका बसला. स्क्रीनवरची उधळलेली रेघ एकदम संथ झाली.

"झालं काम! तारा काढा."

तारा निघाल्या. अंगावरच्या, ठोके टिपणाऱ्या चिकटपट्ट्याही निघाल्या. आणि स्क्रीनवर रेघ पुन्हा उधळली, सोबत ठोक्यांचा आवाजही...

"कुणाचे ठोके आहेत हे?" डॉक्टरनं विचारलं.

"सर... काहीच जोडलेलं नाही," टेक्निशियन पुटपुटला.

"मग बंद कर ना ते!"

टेक्निशियननं प्लगच उपटला. स्क्रीन काळी झाली. आवाज मात्र थांबेना. धड-धड, धड-धड... टेबलापासून तो हळूहळू डॉक्टरकडे सरकत गेला. डॉक्टर पांढराफटक पडला. त्यानं छाती गच्च धरली.

"माझ्या आत... कुणीतरी बघा ना..."

धाकटीनं मान वळवली. दात आवळून म्हणाली, "मनाचे खेळ आहेत, डॉक्टर. कामात गुंतवून घ्या."

त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चोख निघाल्या. सोबतचे डॉक्टर पाठीवर थाप मारून हसले. तो मात्र कान झाकून, कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

संध्याकाळी वॉर्डात नर्सनं धाकटीचा डावा हात हातात घेतला. मनगटावर चार बोटांचे लाल वळ होते.

"एवढं घट्ट कुणी धरलं होतं?"

"कुणीच नाही... हात पट्ट्यानं बांधलेला होता."

नर्सनं मनगट उजेडात वळवलं. तिच्या डोळ्यांदेखत, मनगटाच्या दुसऱ्या बाजूला, अंगठ्याचा पाचवा वळ सावकाश उमटत होता.