नवव्या भागातली कंदीलवाली

'काजळदरी' या व्हिडिओ गेमचा नववा भाग येणार असं जाहीर झालं, त्याच दिवशी धाकट्यानं त्यातून आपल्या पदरात काय पडणार याचा अंदाज बांधून ठेवला. गेम मिळणार, हे झालंच. खरी मिळकत वेगळी होती. त्याला दोन महिने रोज संध्याकाळी ताई मिळणार होती.

ताई म्हणजे त्याची सख्खी बहीण, एकुलती एक. लग्न होऊन ती दुसऱ्या शहरात गेली, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती. भांडण नाही, तंटा नाही, माया होती तेवढी होती. पण फोनवर दोघांची गाडी चार मिनिटांत अडायची. "जेवलास का?" "हो." "काय जेवलास?" "होतं ते." "बरं." मग दोघंही आपापल्या घरातल्या भिंतीकडे बघायचे आणि कोणीतरी म्हणायचं, ठेवू का.

काजळदरीचा नवा भाग आला, की हीच दोघं तीन-तीन तास बोलायची. तो त्याच्या टीव्हीसमोर, ती तिच्या, फोन स्पीकरवर, आणि पडद्यावर एकाच दरीतून चालणारी दोन माणसं: तलवारवाला तो, कंदीलवाली ती. "किडक्या, डावीकडे बघ! अरे, माझ्या अंगावर काय येतोस, वैरी तिकडे आहे!" लहानपणी धाकट्याचे झाडून सगळे दुधाचे दात किडले होते, म्हणून किडक्या. पुढे तो कवळ्या करणारा कारागीर झाला, याचं ताईला अजून हसू यायचं. नवा भाग तीन-चार वर्षांनी एकदा यायचा. धाकटा तेवढंच पुरवून पुरवून खायचा.

बाकी वेळ तो आणि जबडे. तळमजल्यावर कवळ्यांची लॅब, दोन जिने वर त्याची खोली. फळीवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. शंभरेक माणसांना तो चाव्यावरून ओळखायचा, चेहऱ्यावरून एकालाही नाही. लॅबच्या मालकीणबाई म्हणायच्या, "दात असा बसला पाहिजे, की घरच्या माणसानं तोंडात वाकून बघितलं तरी त्याला कळू नये." त्यात धाकट्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

नववा भाग आला आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं, की पोकळ वासा आहे. गावं मोठी, पण माणसं मोजकी. जो भेटेल तो एकच वाक्य बोलणार. तलवार म्यानातून काढली तर हातात कमी आणि हवेत जास्त. आणि दारं लागत नव्हती.

ही शेवटची तक्रार जगात फक्त ताईची होती. पहिल्या भागापासून तिला खोड होती. झोपडीत शिरलं, धुंडाळलं, बाहेर आलं, की ही मागं वळून दार लावायची. आतलं माणूस कागदी, झोपडी कागदी. पण दार लावायचं. दोघं लहान असताना आई ओरडायची, "दारं लावायला गडी ठेवलेत का तुम्ही?" ते ताईच्या अंगात मुरलं होतं. आठही भागांत दार लावायची सोय होती. नवव्यात बनवणाऱ्यांनी ती काढूनच टाकली. दार उघडलं की उघडं.

"किडक्या, हे बघ ना. लागतच नाही."

"राहू दे गं. कोण येतंय चोरायला?"

"तसं नाही रे. मागं उघडं राहिलं, की मला पुढं जाववत नाही."

चौथ्या संध्याकाळी ती म्हणाली, "मला नाही जमत हे. एवढी वर्षं वाट बघायला लावून हे वाढलं ताटात. तू खेळ एकटा. दहावा आला की सांग."

"दहावा यायला चार वर्षं लागतील, ताई."

"मग चार वर्षांनी सांग," ती हसली. "जेवलास का?"

धाकटा एकटा खेळू लागला. दुसरा खेळणारा नसला, की कंदीलवालीला गेमच चालवायचा, आणि तिची जगभर टिंगल चालली होती. ती भिंतीवर आपटायची आणि आपटतच राहायची. सगळ्या गेमभर तिला एकच वाक्य दिलेलं होतं. संवादाच्या चौकटीत तेच उमटायचं: "पुढे चला." धाकटा पुढं चालायचा. ती मागं कुठल्या तरी झाडाला धडका देत असायची. ताईच्या जागी ही, या विचारानं त्याला सुरुवातीला रागच यायचा.

मग एका संध्याकाळी तो एका झोपडीतून बाहेर पडला, थोडं पुढं गेला, आणि कंदील मागं दिसेना म्हणून वळला. ती झोपडीच्या दाराशी उभी होती. पाठमोरी. तिचा हात पुढं झाला आणि दार हळूच लागलं. आवाज आला नाही. दार लावण्याचा आवाज या भागात कोणी भरलाच नव्हता.

धाकटा भोळा नव्हता. त्यानं आधी गेममध्ये काही दुरुस्ती उतरली का ते पाहिलं. नव्हती. मग इंटरनेटची वायर ओढून काढली. पुढच्या गावात पाच झोपड्या होत्या. पाचही दारं तिनं लावली, आणि त्यानंतर ती भिंतीवर आपटली नाही.

ताई चोरून खेळत असणार, असं वाटून दोन दिवसांनी त्यानं फोन केला. वायर काढलेली होती हे त्याच्या लक्षात होतं, तरी केला.

"तो गेम? तो देऊन टाकला मी परवाच," ताई म्हणाली. "का रे?"

तेवढ्यात भावोजींनी फोन घेतला. "तुझ्या बहिणीला जरा समजाव बाबा. दोनदा झालं, बाहेरचं दार सताड उघडं टाकून बाजारात गेली. मी घरी आलो तर शेजारचं मांजर सोफ्यावर पाय पसरून झोपलेलं."

"विसरले हो एखाद वेळेस," मागून ताई म्हणाली. "मांजरालाही घर आवडलं, त्यात काय!"

तिघंही हसले.

पुढचा आठवडा धाकट्याचा फार चांगला गेला. कंदीलवाली आता त्याच्या डाव्या बाजूनं चालायची, ताई चालायची तशी. पूल आला की ती काठावर थबकायची, खाली बघायची, मगच पाय टाकायची. लढाईच्या आधी तिनं आपल्याकडची औषधाची मुळी त्याच्या पुढ्यात ठेवली. ताई नेहमी तेच करायची, वर म्हणायची, "आधी तू घे, रडका आहेस." इथे शब्द नव्हते. फक्त मुळी होती.

"काय हो, शीळ घालताय?" मालकीणबाई एका सकाळी म्हणाल्या. "कोणी भेटलंबिटलं की काय?"

"नाही हो. गेम खेळतोय एक."

"गेमनं माणूस शीळ घालतो होय? मग मीही आणते." त्यांनी त्याच्या हातातली कवळी उजेडात धरली. "छान झालीय. मूळचे दात हिच्यापुढं नकली वाटतील."

त्या आठवड्यात ताईला त्यानं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि ते काय, हे फोन ठेवल्यावर कळलं. तिनं "जेवलास का?" विचारलं नव्हतं. त्यानंतरच्या फोनवर तिनं त्याला नावानं हाक मारली. शाळेच्या दाखल्यावरच्या नावानं.

"किडक्या म्हण की," तो म्हणाला.

"शी! असं कोण म्हणतं कोणाला?"

ती थट्टा करत नव्हती.

धाकट्याचा धंदा मापाचा. शंका आली की माप घ्यायचं. त्यानं टीव्ही बंद ठेवला आणि वाट पाहिली. काही दिवस गेले आणि ताईचा फोन आला, आपण होऊन. "किडक्या, हसशील तू. काल दार लावलं की नाही ते बघायला मी तीनदा उठले. आईच आली अंगात! जेवलास का?"

त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "हो."

"बाकी काय?"

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. पण सांगणार काय? "काही नाही. तुझं?"

"चाललंय. बरं, ठेवते हं, गॅसवर ठेवलंय काहीतरी."

फोन ठेवला तेव्हा चार मिनिटंही झाली नव्हती. खोलीत फ्रिजचा आवाज येत होता. खाली लॅबमध्ये जबडे आपापल्या चिठ्ठ्यांवर बसलेले. म्हणजे उत्तर मिळालं होतं, आणि ते सरळ होतं. इकडे टीव्ही बंद, तर तिकडे ताई शाबूत. आणि ही शाबूत ताई त्याच्या वाट्याला येणार ती एवढी.

तो टीव्हीसमोर जाऊन बसला. मग स्वतःशीच म्हणाला, तासभरच. तासाभरानं काय होतंय?

रविवारी दुपारी तो शेवटच्या गावाला पोचला. टीव्हीवर ऊन पडत होतं म्हणून त्यानं खिडकीचा पडदा ओढून घेतला. या भागाच्या शेवटाला तर लोकांनी शिव्याच घातल्या होत्या. दरीच्या टोकाला एक रिकामं घर. आत शिरलं, की लगेच बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकू लागतात. ना राक्षस, ना खजिना. एवढ्यासाठी एवढं चालवलं का, असं जो तो विचारत होता.

तो आत शिरला.

नावं आली नाहीत.

कंदीलवाली मागून आत आली. तिनं वळून दार लावलं. या वेळी कडीचा आवाज आला. त्यांच्या जुन्या घराची कडी लागताना आधी घासायची, मग अडकायची. तशीच.

चूल पेटलेली होती. दोन पाट होते. ती एकावर बसली.

चौकट उमटली. धाकटा वाचायच्या आधीच पुटपुटला, "पुढे चला."

चौकटीत लिहिलं होतं, "जेवलास का?"

त्यानं फोन उचलला आणि ताईचा नंबर लावला. बरीच घंटा वाजली.

"हॅलो?" मागून रस्त्याचा आवाज येत होता, गाड्या, वारा, जणू ती घरात नव्हतीच.

"ताई, मी."

"आपण कोण?"

"ताई, मी किडक्या."

"आपला नंबर चुकला असेल हो," ती म्हणाली. आवाज गोड होता, परक्या माणसाशी असावा तेवढा. लांबून भावोजी ओरडले, "अगं, ते दार तरी लाव!" आणि फोन बाजूला धरून तिनं त्यांना विचारलं, "कुठलं काय लावू?"

फोन बंद झाला.

चौकट तशीच थांबली होती. आजवर या गेमनं त्याच्याकडे कधी उत्तर मागितलं नव्हतं. आता खाली दोन शब्द आले होते, हो आणि नाही.

त्यानं 'हो' निवडलं.

कंदीलवाली जराशी सरकली. शेजारचा पाट मोकळाच होता.

शेवटी जमाखर्च असा जमला. त्याला हवी होती ती ताई मिळाली, दोन महिन्यांपुरती नाही, कायमची. भरलं ते ताईनं, तिच्याजवळ होतं नव्हतं तेवढं. आणि भावोजींनी, ज्यांना कोणी विचारलंही नव्हतं. धाकट्याचं काहीच गेलं नाही, असं त्याला बराच वेळ वाटत होतं.

मग पायांना गार लागलं म्हणून त्यानं मान वळवली. भिंतीत एक उंच, चौकोनी, मोकळी जागा होती. तिच्यातून जिन्यातला वारा आत येत होता आणि एका बाजूला एक लाकडी फळी बिजागऱ्यांवर हलत होती. त्यानं तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. हिचं काय करायचं असतं, ते काही केल्या त्याला आठवेना.