तेरा मीटरवर दोष

तपासनिसाच्या घरातली इंटरनेटची तार एकवीस मीटर लांब होती. बाहेरच्या दारापाशी चपलांच्या कपाटावर तिची डबी. तिथून ती बोळाच्या भिंतीला धरून अप्पांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, खोलीच्या बाहेरून जायची, न्हाणीघरापाशी वळायची आणि सरळ त्याच्या टेबलावरच्या संगणकात शिरायची. खाली फरशीलगत ओल होती म्हणून तार कमरेइतक्या उंचीवर ठोकलेली. अप्पा हिंडतेफिरते होते तेव्हा भिंतीला हात टेकत टेकत तिच्यावरूनच तळहात घासत यायचे, आणि तपासनीस आतून ओरडायचा, "अप्पा, तारेला हात लावू नका हो!"

मग सून पदर खोचत धावायची. "अप्पा, आत नका जाऊ. मीटिंग चालू आहे त्यांची." आणि म्हातारा आल्या वाटेने परत फिरायचा.

तपासनिसाचं काम असं, की कंपनीकडे आलेली गाऱ्हाणी फोनवर ऐकायची आणि ती ऐकून घेणाऱ्या पोरांना गुण द्यायचे. कोण चिडला, कोणी समोरच्याला मध्येच तोडलं, कोणी नीट ऐकून घेतलं. सतरा वर्षं त्याने हेच केलं होतं आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. घरी कानाला हेडफोन लावून बसला की बाहेर आभाळ कोसळलं तरी त्याला पत्ता नसायचा.

सोमवारी संगणकाचा वेग एकदम पडला. हजाराच्या जागी दहा. वरिष्ठ बाईंचा फोन आला. "शुक्रवारी अकराला मीटिंगला मोठे साहेब बसणार आहेत. त्या दिवशी तुमचा आवाज तुटला, तर घरून काम बंद. आणि इथली तुमची खुर्ची मी कधीच दुसऱ्याला दिलीय, हे लक्षात असू द्या."

मंगळवारी सकाळी वायरवाले काका आले. पन्नाशी उलटलेला, बडबडा माणूस.

"बंद करून चालू केलंत?"

"दहा वेळा."

"मग अकराव्यांदा करू. आमचा धंदा त्याच्यावरच चाललाय."

त्यांनी तारेची दोन्ही टोकं नवी बसवली, ती डबीतल्या दुसऱ्या भोकात घालून बघितली. वेग दहाच. मग पिशवीतून एक पिवळं यंत्र काढलं, तार डबीतून उपसून त्याला जोडली. तार आत कुठे दुखावलीय ते हे यंत्र मीटरमध्ये सांगतं, असं त्यांनी समजावलं. पडद्यावर आकडा उमटला.

"तेरा मीटरवर दोष," काका म्हणाले, आणि फीत धरून बोळात निघाले. तेरा मीटर भरले तिथे थांबले. तारेवरून बोट फिरवलं. एक ओरखडा नाही. "भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

"अप्पांची खोली," बायको म्हणाली. "खाटेचं उसं बरोबर इथेच यायचं. त्यांना जाऊन दीड महिना झाला."

काकांनी तिथल्या भिंतीतल्या वायरिंगच्या खोबणीवरचं पत्र्याचं झाकण उचकटलं. आत शेजारीच एक बारीक पांढरी तार होती, मध्येच तुटलेली.

"ही कसली?"

"घंटेची. अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा बसवली. बटण त्यांच्या उशाशी, घंटा ह्यांच्या टेबलाच्या वर."

"उंदराने कुरतडली असेल," तपासनीस म्हणाला.

काकांनी टोक डोळ्यांपाशी नेलं. "उंदराला पक्कड कोणी दिली, साहेब?" ते एकटेच हसले.

बायको हसली नाही. ती तारेकडे बघत राहिली. "त्या दिवशी घंटा वाजली नाही म्हणाला होतात."

"नव्हतीच वाजली," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

काकांनी नवी कोरी तार टाकली. वेग हजारावर गेला. त्यांना दोन दिवस बाहेरगावी जायचं होतं. गरज पडली तर असू द्या म्हणून पिवळं यंत्र ठेवून गेले.

बुधवारी सकाळी वेग पुन्हा दहावर. तपासनिसाने स्वतः यंत्र लावलं. पंधरा मीटर. मोजत गेला. ती जागा अप्पांच्या दाराच्या चौकटीपाशी आली.

दुपारी परत मोजलं. साडेसोळा.

तो आकडे मानणारा माणूस. यंत्र बिघडलंय, त्याने ठरवलं. कपाटातली जुनी छोटी तार त्याला लावून बघितली. यंत्राने बिनचूक सांगितलं, तीन मीटर, दोष नाही. गुरुवारी सकाळी त्याने मोठी तार परत मोजली. अठरा. न्हाणीघराचं वळण. अप्पा तिथे नेहमी दम खायला थांबायचे. तो हात लावून बघायला वाकला. तार कोमट होती. भिंतीला महिन्यापूर्वीच रंग दिला होता, तरी तारेच्या वरच्या अंगाला बोटभर रुंदीचा एक मळकट पट्टा अप्पांच्या दारापासून तिथवर आला होता. त्याने ओल्या फडक्याने पुसला. गेला नाही.

जेवताना बायको ताटावरून मान वर न करता म्हणाली, "तार का कापलीत?"

"सारखं वाजवायचे. दोन छोट्या, एक लांब. पाणी द्या, उशी सरकवा, आज वार कोणता. मी काम करायचं की वार सांगत बसायचं? एका मीटिंगपुरती काढली."

"कधी?"

"सोमवारी."

"अप्पा गेले शुक्रवारी."

त्या शुक्रवारी ती कामावर गेली होती. आल्यावर तिलाच अप्पा दिसले होते, अर्धे खाटेखाली. अंगठा बटणावर होता आणि नख मुळापासून निळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, दोनएक तास तरी धडपडले असतील. तपासनीस सात पावलांवर बसून परक्या माणसांची गाऱ्हाणी ऐकत होता. त्या दिवशी एका पोराला त्याने गुण कापले होते. शेरा लिहिला होता, समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेत नाही.

दुपारी त्याने ती वाटच सोडली. बाजारातून तीस मीटरची तार आणली आणि उलट बाजूने, बैठकीच्या खोलीतून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून फिरवून टेबलापर्यंत आणली. बोळाशी, अप्पांच्या खोलीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. यंत्र लावलं.

अठ्ठावीस मीटरवर दोष.

बोळातल्या तारेला लावलं. एकोणीसवर.

त्याने कागदावर दोन्ही वजाबाक्या मांडल्या. मग पुन्हा मांडल्या. दोन्हींचं उत्तर एकच येत होतं. त्याच्या खुर्चीपासून दोन मीटर.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता एक मीटर राहिला होता. साडेदहाला यंत्र म्हणालं, दोष नाही. त्याने तार संगणकात खुपसली. वेग हजार. त्याने हातांनी तोंड झाकून घेतलं आणि हुश्श केलं.

"दार ओढून घेऊ?" बायकोने विचारलं.

"घे. आणि काही झालं तरी आत येऊ नकोस."

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "नाही येणार," म्हणाली.

अकराला पडद्यावर सगळे आले. चेहरे काचेसारखे स्वच्छ. मोठे साहेब म्हणाले, "बोला."

तो बोलायला गेला.

जीभ हलली नाही. आधी त्याला वाटलं, घसा सुकलाय. मग पाण्याच्या पेल्याकडे हात न्यायला गेला, तर हात गेला नाही. डावा पाय, उजवा पाय, मान. सगळं आपापल्या जागी होतं, फक्त त्याचं नव्हतं.

"तुमचा आवाज येत नाहीये," बाई म्हणाल्या. "चित्र तर छान येतंय."

अंग जिवंत होतं ते एका अंगठ्यापुरतं. त्याने तो टेबलावर आपटला. आपटला गेला तो आपसूक अप्पांच्या घंटेसारखा. दोन छोटे, एक लांब.

"मागे काहीतरी टकटक होतेय."

दोन छोटे, एक लांब.

"त्यांचा आवाज बंद करा," मोठे साहेब म्हणाले. "आपण पुढे जाऊ."

ते पुढे गेले. तो त्यांना बघत राहिला. कोपऱ्यातल्या घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. तार जिथे संगणकात शिरते तिथला हिरवा दिवा त्याच्या अंगठ्याच्या आधी लुकलुकत होता. दोन छोटे, एक लांब.

बोळात पावलं वाजली. बायकोची. दारापाशी येऊन थांबली. तिला टकटक ऐकू जात होती. पातळ दार ते, सगळं ऐकू जायचं. त्याने अंगठ्यात होतं नव्हतं तेवढं बळ आणलं.

नखाखाली निळं पडायला लागलं होतं.

दाराची कडी हलली नाही. बाहेर ती हळू आवाजात, अप्पा हिंडतेफिरते असताना बोलायची तशीच, कोणाला तरी म्हणाली,

"अप्पा, आत नका जाऊ. मीटिंग चालू आहे त्यांची."

आणि भिंतीवरून एक तळहात घासत घासत, दम खात, अप्पांच्या खोलीकडे परत गेला.