यान आमाची पुसलेली पाटी

भुताखेतांच्या गोष्टी सांगत बसणारी बाई मी नाही. सोळा वर्षं वॉर्डात काढली आहेत. माणसं गेली, त्यांचे डोळे मिटले, हात धुतले आणि पुढच्या खाटेकडे गेले. पण तुम्ही खोदून खोदून विचारताच आहात, तर ती एक दुपार सांगते. हो, दुपारच. रात्रपाळ्यांमध्ये मला आजवर डासांखेरीज कुणी छळलेलं नाही.

माझा अहवाल दुरुस्त करून पाठवायला त्या दुपारी मी सहाव्या मजल्यावरच्या प्रशिक्षण कक्षाकडे निघाले होते. आमच्या कीलुंग शहरात हिवाळाभर पडतो तसा बारीक पाऊस पडत होता आणि जिन्याच्या भिंतींना ओल सुटली होती.

आमच्याकडे नर्सच्या पायऱ्या असतात, एन-वनपासून एन-फोरपर्यंत. मी कित्येक वर्षं एन-टूवर अडकले होते. एन-थ्री व्हायचं तर एका रुग्णाची शुश्रूषा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत लिहून द्यावी लागते. रुग्ण स्वतःच्या शब्दांत काय म्हणाला, तुम्ही काय केलंत, त्याचा उपयोग झाला का, सगळं. परीक्षक तो अहवाल पिंजून काढतात. मी दोनदा नापास झाले होते. माझं बघून बघून इंजेक्शन द्यायला शिकलेल्या दोन मुली पुढे निघून गेल्या होत्या आणि मला ‘ताई, ताई’ म्हणत धीर देत होत्या. त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

पण खरी गोष्ट वेगळी होती. एन-थ्री झाल्याशिवाय नव्या मुली कुणी तुमच्या हवाली करत नाही, आणि मला शिकवायचंच होतं. माझी नोकरी सुरू झाली त्या आठवड्यात मला शिकवणाऱ्या ताईने सगळ्या वॉर्डासमोर ट्रे आपटून मला रडवलं होतं. शिकवायची वेळ आली की मी असं वागणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. एका नव्या मुलीला शिकवायची जागा निघाली होती आणि अहवालाची मुदत त्या दिवशी पाचला संपत होती.

सकाळी आचांगने मला गाठलं. आचांग म्हणजे आमची मुख्य परिचारिका. आम्ही सगळ्या तिला तेच म्हणतो.

“वेनचिंग, परीक्षकांचे शेरे आलेत. किरकोळ आहेत. आज पाठवून टाक, म्हणजे सुटलीस.”

मी शेरे उघडून पाहिले. पहिल्या परीक्षकाने संदर्भ अपुरे म्हटले होते, दुसऱ्याने तक्ता लांबला म्हणून टोकलं होतं. त्याखाली तिसरा शेरा होता, पान चौदाबद्दल.

‘हे वाक्य रुग्णाने लिहिलेले नाही. जे लिहिले होते, ते द्यावे.’

“आचांग, परीक्षक किती असतात?”

“दोन. का गं? तुला नापास करायला दोघं पुरत नाहीत का?”

ती हसत निघून गेली. मी तिसरा शेरा पुन्हा वाचला. तो खरा होता.

पान चौदावर यान आमा, म्हणजे यान आजी, होत्या. घशाच्या कॅन्सरने त्यांचा आवाज गेला होता, गळ्यात नळी होती. सव्वीस दिवस त्या माझ्याकडे होत्या. उशाशी एक छोटी पांढरी पाटी ठेवलेली, तिच्यावर मार्करने लिहून बोलायच्या. बोलायच्या म्हणजे टोमणेच मारायच्या. ‘हे सूप आहे की फडक्याचं पाणी?’ ‘तुझं लग्न झालं नाही ते या बुटांमुळे.’ कपाळाला हिरवं झोंबरं तेल चोळायच्या, आणि त्याचा वास आमच्या कपड्यांना घरी जाईपर्यंत सोडायचा नाही.

शेवटच्या दिवशी माझी पाळी तीनला संपली. पाळी बदलताना पाटी पुसून, तारीख आणि पुढच्या नर्सचं नाव घालून द्यायचं, हा आमचा शिरस्ता. मला साडेतीनच्या वर्गाला पळायचं होतं, कारण त्याचे गुण एन-थ्रीसाठी लागणार होते. आमांनी पाटीवर काहीतरी लिहिलं होतं, चांगलं दोन ओळी भरून. मी ते वाचलं नाही. कापसाचा बोळा फिरवला, पाटी कोरी केली, “उद्या भेटू हं, आमा,” म्हटलं आणि पळाले. त्यांनी माझी बाही धरली होती. ती मी सोडवून घेतली.

पाचच्या आत त्या गेल्या.

अहवालाला शेवट हवा होता. रुग्णाच्या मनातली मृत्यूची भीती कमी झाली, असं दाखवायचं होतं. म्हणून मी पान चौदावर आमांच्या नावाने लिहिलं, ‘मला आता भीती वाटत नाही. तू आहेस ना.’ वाचताना मलाच रडू आलं होतं, इतकं छान जमलं होतं.

प्रशिक्षण कक्षात पोहोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. त्या वेळी आमच्याकडे सगळ्या कचेऱ्यांतले दिवे मालवतात, पडदे ओढतात आणि तासभर डुलकी काढतात. तिथल्या कारकून पांग बाई टेबलावर उशी ठेवून, तिच्यात तोंड खुपसून झोपल्या होत्या. जेवणाच्या डब्यांचा, ओल्या छत्र्यांचा वास होता. मी कोपऱ्यातला संगणक लावला. खोलीत तेवढाच उजेड.

पान चौदा उघडलं. वाक्य तसंच ठेवून पाठवलं असतं तर कुणी विचारलं नसतं. दोन्ही परीक्षकांनी त्याला हरकत घेतलीच नव्हती. मी पाचेक मिनिटं बसून राहिले. मग मनाशी म्हटलं, नव्या मुलीला काय शिकवणार तू? हे?

मी वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, ‘रुग्णाने शेवटच्या दिवशी पाटीवर दोन ओळी लिहिल्या होत्या. मी त्या न वाचता पुसल्या. त्यामुळे भीती कमी झाली की नाही, हे सांगता येत नाही.’ असं लिहिल्यावर नापास होणार हे मला कळत होतं.

तेवढ्यात तो वास आला. हिरव्या तेलाचा.

आधी वाटलं, पांग बाईंनी कपाळाला चोळलं असेल. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज यायला लागला… चीं… चीं… मार्कर पाटीवर घासल्याचा. हळू, अडखळत. मध्येच थांबायचा, जणू हाताला विसावा हवा होता… पुन्हा सुरू व्हायचा. आमा अशाच लिहायच्या.

पांग बाईंचा श्वास संथ चालला होता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

“आमा…” मी कुजबुजले. “लिहा तुम्ही… मी थांबते.”

दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. पण बाही सोडवून पळायचं ते एकदा पळून झालं होतं. मी खुर्ची घट्ट धरून बसून राहिले. आवाज बराच वेळ चालला, मग थांबला.

दीड वाजता दिवे लागले. पांग बाईंनी गालावरचा उशीचा वळ चोळत भिंतीकडे पाहिलं.

“आता हे कुणी केलं? इतक्या खाली कुणी लिहितं का?”

शिकवायच्या मोठ्या पांढऱ्या फळ्यावर, अगदी खालच्या कडेला, खाटेवर पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल तेवढ्या उंचीवर, वाकड्यातिकड्या दोन ओळी होत्या. पांग बाईंनी डस्टर उचलला.

“पुसू नका,” मी म्हणाले. “मला वाचू द्या.”

मी गुडघ्यांवर बसले आणि वाचलं.

‘तुझ्यामागून रोज एक बाई येते. आजपर्यंत ती माझ्याकडे बघायची. आज तुझ्याकडे बघते आहे.’

पांग बाईंनीही वाचलं. त्या डस्टर ठेवून सरळ बाहेर गेल्या. मी उठले, संगणकाशी जाऊन बसले आणि त्या दोन ओळी रुग्णाच्या शब्दांच्या रकान्यात जशाच्या तशा उतरवल्या. त्याखाली त्या मला कशा मिळाल्या, तेही लिहिलं. मागे वळून पाहिलं नाही. पाठवायचं बटण दाबलं तेव्हा मानेवर गार वाटत होतं, पण पडद्यामागची खिडकी उघडी असेल, असं मी स्वतःला बजावलं.

नापास होण्याची सगळी तयारी करून ठेवली होती. पण पास झाले. आचांगने निकाल वाचून दाखवला. पहिल्या परीक्षकाने ‘प्रामाणिक’ एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्याचा शेरा वाचताना ती अडखळली.

“‘रुग्णाची बाजू पूर्ण झाली. सोबत येणाऱ्या बाईंची नोंद अपुरी आहे.’ हे काय गं? कुठल्या बाई?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. ते खरंच होतं.

याला दोन वर्षं झाली. मला ती नवी मुलगी मिळाली, तिच्यानंतर आणखी दोघी. आता एन-फोरची तयारी करते आहे. पाटी वाचल्याशिवाय पुसायची नाही, हे मी तिघींना पहिल्याच दिवशी सांगितलं. रोज पाळी संपायच्या आधी मी प्रत्येक खाटेपाशी बसते, मग कितीही उशीर होवो. बहुतेक रुग्ण बरे व्हायच्या वाटेवर असतात. ते पाय जरा आक्रसून घेतात आणि मला कडेला जागा करून देतात.

जे बरे होणार नसतात, ते माझ्यामागे बघतात आणि दोघींना पुरेल एवढी जागा करतात.