चपलांच्या दुकानातला अनोळखी साहेब

मंजुश्रीने लाल, उंच टाचेच्या सँडलमध्ये पाय घातला, समोरच्या आरशात पाहिलं… आणि ती दचकली. मागच्या बाकावर एक माणूस महागडे स्पोर्ट्स शूज घालून बघत होता. तो अश्वजित होता. तिचा नवरा!

ती ऑफिसच्या ट्रेनिंगला गेली होती आणि तो पतसंस्थेत जादा काम करत होता — निदान घरी दोघांनी तसंच सांगितलं होतं.

ठरवून झालेलं लग्न. प्रेमाचं बोलायला दोघंही लाजायची, खर्चावरून भांडायला मात्र नाही. अश्वजितने एकदा न विचारता माशांची भलीमोठी काचपेटी घरी आणली, तेव्हा तर कहर झाला. मग नियम ठरला : दुसऱ्याला विचारल्याशिवाय काहीच घ्यायचं नाही. भांडणं थांबली. हळूहळू बोलणंही थांबलं. या शनिवारी सोनाळ्याला माहेरी निघून जावं, असं मंजुश्रीच्या मनात घोळत होतं.

"मॅडम, लय शोभते तुमाले!" दुकानदार उत्तमराव म्हणाले. "इचारा या साहेबाले!"

अश्वजितने आरशातूनच तिच्या पावलांकडे पाहिलं. "खरंच शोभते. घ्या तुमी."

तुमी! मंजुश्रीच्या गालावर उगाच लाली चढली. तीही अनोळखी झाली. "घेतली असती हो… पण घरी नवरा 'काऊन घेतली' म्हणून इचारते. मंग मले चोरावानी वाटते. मी बी कमावते ना!"

"माह्या घरी उलटं हाय. मी मासे आणले त् बायकोनं तोंड फुगवलं. मले वाटते, तिले मासे त् सोडाच… मीच आवडत नाही."

"मासे नाही टोचले तिले," मंजुश्रीचा आवाज एकदम हळू झाला. "एवढी मोठी वस्तू… अन् एका शब्दानं इचारलं नाही, ते टोचलं असन."

अश्वजित बुटाची नाडी उगाच सोडत-बांधत राहिला. "मंग असं करावं काय? घरखर्च अन् मोठी वस्तू दोघांनी बसून ठरवाची. अन् दर महिन्याले थोडे पैसे ज्याचे त्याले. त्याचं काय केलं, कोणी कोणाले इचाराचं नाही."

"उधळले तरी?"

"माशावर उधळले तरी!"

ती खुदकन हसली. "पण बायको मानंल काय तुमची?"

"मानली त्…" तो अडखळला. "तिले अजून सांगतलं नाही मी… पण लय आवडते मले ती."

उत्तमरावांच्या हातातला खोका खाली पडला. "ओ साहेब! घरी बायको असून परक्या बाईसंगं असं बोलता? मॅडम, तुमी निंघा बरं इथून!"

"काका," मंजुश्रीने पदराने हसू लपवलं, "हेच माहे मिस्टर."

उत्तमरावांचा आ वासला. पण धंद्याचा माणूस — लगेच सावरला. "असं काय! मंग दोन्ही जोड बांधू?"

सवयीने अश्वजित परवानगीसाठी तिच्याकडे वळला.

"इचाराचं नाही," ती पुटपुटली. मग आणखी हळू, "अन्… मले बी तुमी लय आवडता."

तो नुसता पाहतच राहिला. तेव्हा तिनेच आपली पर्स उघडली. "पाहता काय? आपापले पैसे काढा, अन् चाला घरी!"