बंदरावरचा उंदीर

झरीच्या अलीकडे जो चढ आहे, त्याला कुणी चढ म्हणत नाही. शाळेची पोरं तिथे डबलसीट सायकल हाकत जातात. पण नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्याच दिवशी आमची पांढरी मारुती अर्ध्या चढावर आली, दोनदा खोकली, काळा धूर सोडला आणि गप्प झाली. सकाळचे सव्वाआठ. मागच्या सीटवर बर्फातली पापलेटं आणि कोळंबी. आणि त्यामागे एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, जसं काही हॉर्न ऐकून गाडी सुरू होते!

मी उतरले आणि चाकाला एक सणसणीत लाथ घातली.

"तिला कशाला मारता, ताई? तिला श्वास पुरत नाहीये."

आवाज चिंचेखालून आला होता. चार बांबू, वर निळी ताडपत्री, पत्र्यावर हाताने रंगवलेलं — 'चैत्या गॅरेज'. खाली एक सावळा, किडकिडीत मुलगा उभा होता. एका हातात पाना, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास.

"ओ दादा, ज्ञान नको. ढकला."

त्याने ग्लास ठेवला आणि ढकललं. एस.टी.तल्या चार जणांनीही ढकललं, कारण त्यांना घाई होती. गाडी चिंचेखाली आली आणि एस.टी. एकदाची निघून गेली.

मला मात्र रडू येत होतं. त्याचं कारण सांगते. मी निलम, डहाणूच्या रामू तांडेलांची मुलगी. बाबांची होडी, आईची बाजारातली टोपली. मला दोन्हींच्या पलीकडे काहीतरी माझं हवं होतं. अच्छाडला जिग्नेशभाईंचा ढाबा आहे. रोज ताजी मासळी घ्यायला ते तयार झाले होते, फक्त एक अट. "नव वाग्या पछी नहीं लऊं, बेन." नऊनंतर आणलेली घेणार नाहीत. आणि बाबांची दुसरी अट. "दसऱ्यापर्यंत बघ जमतंय का. नाय तर गाडी भंगारात, आणि तू आईबरोबर टोपलीवर."

गाडी अठ्ठ्याण्णव सालची. साल होतं दोन हजार सतरा. आणि चढ हा असा.

"मला ही फास्ट करून पाहिजे," मी डोळे पुसत म्हटलं. "मोबाइलवर बघितलंय मी. मोठा सायलेन्सर, रुंद टायर…"

"वरती पट्टे पण मारायचे ना, लाल?" तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की चेष्टा आहे हे मला उशिरा कळलं. "बजेट?"

"दोन हजार."

"पुष्कळ झाले. ताई, जुन्या गाडीत नवी ताकद घालायची नसते. तिचीच अडकलेली सोडवायची असते."

त्याने प्लग काढून माझ्यासमोर धरला. कोळशासारखा काळा. मग त्याने एअर फिल्टरच्या नळीत दोन बोटं घातली आणि जादूगारासारखी एक तेलकट चिंधी बाहेर ओढली.

"उंदीर," तो म्हणाला. "बॉनेटमध्ये घर करतात. गाडीचं नाकच बंद केलं होतं."

मग त्याने डिकी उघडली आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"हे काय?"

"नांगर."

"गाडीला?"

"बाबांच्या होडीचा, जुना. घरात जागा नाही म्हणून…"

"ताई, मग ती थांबते त्यात तिचं काय चुकलं? तुम्ही नांगर टाकलाय!"

मी हसले. मासळी वितळत्या बर्फात, घड्याळ पुढे पळतंय, आणि मी हसत होते! त्याने साफ केलेले प्लग लावले, नांगर चिंचेला टेकवून ठेवला. मी नऊला पाच कमी असताना अच्छाडला पोचले.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी परत येताना मी थांबू लागले. दर खेपेला एक काम, माझ्या खिशाला झेपेल एवढंच. आधी नवा फिल्टर आणि प्लग. मग टायरमध्ये बरोबर हवा. मग मागची सीटच काढून टाकली. वजन गेलं आणि चार क्रेट जास्त मावायला लागले. कार्बोरेटर त्याने पेट्रोलमध्ये असा धुतला, जसं कुणी बाळाला न्हाऊ घालतं.

"आणि आज ब्रेक," एक दिवस तो म्हणाला.

"मला पळायचंय, थांबायचं नाहीये."

"ज्याला थांबता येतं त्यानेच पळावं. आणि… इथे थांबायला काय वाईट आहे, ताई?"

"ताई म्हणू नकोस."

"मग तू दादा म्हणू नकोस."

बस्स, एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवशी घरी जाताना मी बोर्डीला वळण चुकले. जन्मापासून त्या रस्त्याने जातेय मी!

एकदा इंजिन चालू ठेवून त्याने मला बोलावलं. "हात दे." माझा तळवा त्याने हलकेच त्या नळीच्या तोंडाजवळ नेला. आतून हवेने तो असा खेचला की मी दचकले.

"बघ किती ओढते. हिला फक्त मोकळी वाट पाहिजे."

हात त्याने लगेच सोडला. मी मात्र तो लगेच काढला नाही.

त्याच्या आईने, लाडकीमावशीने, हे सगळं पाड्याकडून येताना पाहिलं असणार. "बस पोरी, चाय पी," म्हणाली आणि साखर दुप्पट घातली.

सगळं छान चाललं होतं. आणि अमावास्येला गाडी पुन्हा त्याच चढावर खोकली. पुन्हा काळा प्लग, पुन्हा नळीत चिंधी.

"तुमच्या बंदरावरचे उंदीर हौशी दिसतात," चैत्या म्हणाला. "चौकडीचं कापड आणतात."

तेव्हा मी हसले. पण पौर्णिमेला तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मात्र हसू आलं नाही. चैत्या चिंचेखाली नव्हता. थांबत, खोकत मी अच्छाडला पोचले तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि जिग्नेशभाईंनी दुसऱ्याची मासळी उतरवून घेतली होती. "एक वार चलावी लऊं," ते म्हणाले, "बीजी वार नहीं." एकदा माफ. तलासरीच्या बाजारात मी पापलेटं पडत्या भावात विकली आणि परतताना गॅरेजपुढे ब्रेक असा दाबला की चिंचेवरचे कावळे उडाले.

चैत्या परत आला होता. त्याने बॉनेट उघडलं, चिंधी काढली, तोंड उघडलं —

"उंदीर म्हणू नकोस!" मी ओरडले. "उंदीर तूच आहेस. मी इथे थांबावं म्हणून तूच कोंबतोस ती!"

त्याने चिंधी झटकली, घडी घातली. त्याचे कान लाल झाले होते. इतक्या सावळ्या माणसाचे कान लाल होतात हे मला त्या दिवशी कळलं.

"निलम, माझ्या हाताखालून गेलेली गाडी रस्त्यात बंद पडली तर नाव माझं जातं. तुला थांबवायचंच असतं… तर चहाला थांब म्हणालो असतो."

त्याने पैसे घेतले नाहीत. मी ते ठोकळ्यावर ठेवून निघाले आणि गाडी घरापर्यंत एकदाही खोकली नाही. गाडीसुद्धा माझ्या बाजूने नव्हती.

त्या संध्याकाळी समुद्राला उधाण होतं. लाटांचे तुषार भिंतीवरून थेट आमच्या गल्लीत येत होते. मी खिडकीतून पाहिलं — गाडीचं बॉनेट वर, आणि आत बाबा वाकलेले. हातात डोक्याचा चौकडीचा रुमाल. अगदी मायेने ते तो नळीत कोंबत होते.

"बाबा!"

"काय गं? उधाणाची खारी हवा आत जाते. मशीन गंजतं. होडीचं मशीन बंद असलं की मी तोंड बांधत नाय? दर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास बांधतो, म्हणून तर वीस वर्षं चाललंय."

"आणि होडी सुरू करताना?"

"करताना काढतो की! काढल्याशिवाय कसं…"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं.

"तू काढत नव्हतीस?"

"मला कुणी सांगितलं होतं?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. चिंध्या, चढ, आणि मी चैत्याला काय बोलले तेही. बाबा उंबऱ्यावर बसले आणि पोट धरून हसले. मग हसू पुसून म्हणाले, "मी काय हसत बसलोय. त्या पोराची माफी माग."

माग म्हणणं सोपं आहे हो! दुसऱ्या दिवसापासून गाडी वाऱ्यासारखी पळू लागली. साडेआठच्या आत अच्छाड. जिग्नेशभाई खूश, मी रोज वेळेत. बिघाड काही नाहीच, मग थांबायचं कोणत्या तोंडाने? जाता-येता चिंचेखाली एखादी जीप उभी असायची आणि जीपखालून दोन पाय दिसायचे. मी गाडी हळू करायची. पाय हलायचे नाहीत. मी गिअर बदलून पुढे जायची आणि पुढच्या वळणावर स्वतःला शिव्या घालायची. गाडी इतकी छान चालणं मला सहन होत नव्हतं. मला त्याची फार आठवण येत होती, आणि चूक माझी होती.

नवव्या दिवशी मी अच्छाडला मासळी उतरवली, हिशेब चुकता केला आणि परत येताना गॅरेजच्या थोडं अलीकडे गाडी उभी केली. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं. पिवळ्या ओढणीचा काठ टर्रकन फाडला, बॉनेट उघडलं आणि… कोंबला.

बिचारी मारुती! चिंचेपर्यंत कशीबशी आली, खोकली, काळा धूर सोडला आणि बरोबर गॅरेजच्या तोंडाशी बसली. पाय हलले. मग गुडघे आले, मग ग्रीसचे हात, मग तो.

त्याने बॉनेट उघडलं. नळीत दोन बोटं घातली. पिवळा काठ बाहेर आला, त्यावरच्या टिकल्यांसकट. त्याने तो उजेडात धरला. मग माझ्या ओढणीकडे पाहिलं. पावसाची सर आली होती, ताडपत्री तडतडत होती, आणि मी भिजत उभी होते.

"उंदीर बदलला वाटतं," तो म्हणाला.

"हो. आधीचा माझे बाबा होते. उधाणाची हवा लागू नये म्हणून कोंबायचे. मी… मी तुला नको ते बोलले, चैत्या. चुकले."

"आणि हा नवीन उंदीर?"

"हा जरा आगाऊ आहे."

"त्याला काय पाहिजे?"

"थांबायला कारण."

तो हसला नाही. हसेल असं वाटलं होतं. माझा हात धरून त्याने मला ताडपत्रीखाली ओढलं आणि हात या वेळी लगेच सोडला नाही.

"कारण कशाला पाहिजे?" तो हळूच म्हणाला. "आठ दिवस मी त्या जीपखाली नुसता पडून होतो. तिला काही झालेलंच नाहीये. तुझ्या गाडीचा आवाज लांबून ओळखतो मी… मला तू आवडतेस, निलम. गाडी चांगली चालली तरी ये."

"गाडी चांगली चालली तर रोजच येईन," मी म्हटलं, आणि माझे कान लाल झाले.

दसऱ्याला चैत्याने पाने, जॅक, सगळी हत्यारं ताडपत्रीखाली मांडली, झेंडूची फुलं वाहिली. बाबा माझ्याबरोबर आले होते, नांगर परत न्यायला. निदान तसं ते म्हणत होते. गाडीला त्यांनी स्वतः तोरण बांधलं. भंगाराचा विषय कुणी काढला नाही.

मग ते चैत्याला आपादमस्तक न्याहाळत राहिले. लाडकीमावशी श्वास रोखून उभी. मीसुद्धा.

"होडीचं मशीन बघतोस काय?"

"शिकवलंत तर बघेन."

बाबांनी पिशवीतून नवाकोरा चौकडीचा रुमाल काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"कोंबायला नाय हां," ते म्हणाले. "डोक्याला बांधायला. आमच्यातल्या माणसाला देतो आम्ही."